आतला नंबर

सातपूरच्या कारखान्यातली डिझाइनं रविवारी सर्व्हरवरून कुणीतरी उडवली. सोमवारी मॅनेजर देवरेंनी सगळ्यांसमोर, तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अदिबाने मागे घरून पाठवलेला स्क्रीनशॉट दाखवला. "तुझ्या लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.१४. आपल्या सर्व्हरच्या नोंदीत डिझाइनं उडवणाऱ्याचा पत्ताही तोच. राजीनामा लिही."

"नाही लिहिणार," अदिबा म्हणाली. "सर, हा पत्ता आतल्या वापराचा असतो. प्रत्येक इमारतीत एक खोली नंबर चौदा असते, तसा तो घरोघरी सापडेल. माझ्या घरातला चौदा घराबाहेर पडत नाही. तुमच्या नोंदीतला चौदा याच इमारतीतला आहे."

"मग कोणाचा?"

इथल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर त्याच्या पत्त्यातल्या शेवटच्या नंबराचं स्टिकर तिनेच चिकटवलं होतं. ती देवरेंच्या टेबलापाशी गेली आणि त्यांचा मॉनिटर सगळ्यांकडे वळवला.

"वाचा," ती म्हणाली.