खरजेचं कूळ

कागदावर दोन फांद्या होत्या, एक लाल, एक निळी, आणि टोकाटोकाला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं... मर्लने कागद चष्म्याजवळ नेला. लेतिशाच्या, तिच्या नातीच्या, मनगटावरची खरवडलेली कातडी मिठाच्या कणाएवढीही नव्हती. तिच्यातून हे एवढं निघालं?

“लाल माणसांवरचे खरजेचे किडे, निळे कुत्र्यांवरचे,” जॉसलिन म्हणाली. मर्लच्या बहिणीची मुलगी ती, दवाखान्यात कामाला; त्यांच्यात मावशीलाही आईच म्हणतात. “डार्विन शहरातल्या प्रयोगशाळेत यांची जनुकं तपासली, आई. लेतिशाचे लाल फांदीवर आहेत, आपल्या कुत्र्याचे, स्मोकीचे, निळीवर. त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही.”

“एकाच अंगणात राहून?”

“तू आणि शेजारची हेझल नाही का राहत?”

मर्ल हसली नाही. आमच्यात, इथल्या मूळ लोकांत, वारा, मासे, माणसं, सगळ्यांच्या दोन बाजू. कोण कुठल्या बाजूचं ते जन्माआधीच ठरलेलं. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवालाही कूळ असावं, आणि त्याने ते इतकं सांभाळावं — तिच्या अंगावर काटा आला. आणि हे तर आमचेच. आईच्या अंगावरून लेकीच्या, लेकीच्या अंगावरून नातीच्या... किती आया मागे गेलं म्हणजे यांची पहिली आई भेटेल?

मग तिला उद्याची गाडी आठवली. स्मोकीला न्या आणि संपवा, असं तिनेच सांगितलं होतं. पोरीच्या खरजेत पू झाला, तेव्हा कुणावर तरी राग काढायचा होता. लेतिशा चार दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

“गाडीवाल्यांना नको म्हणून कळवते,” जॉसलिन म्हणाली. मग जरा थांबून, “हात दाखव, आई.”

एवढ्या उकाड्यात मर्लच्या लांब बाह्या. महिनाभर ती चोरून खाजवत होती, घाम म्हणून, गवत म्हणून, वय म्हणून. कुत्रा अंगणात झोपायचा. आणि पोरगी... पोरगी माझ्या कुशीत, एका पांघरुणात, माझं मनगट गालाखाली घेऊन. तिला मीच दिली. कुत्र्याचा जीव घ्यायला निघाले होते मी.

तिने बाही वर केली. जॉसलिनने तिचं मनगट उजेडाकडे वळवलं; लेतिशाच्या मनगटावरचेच फोड.

खिडकीबाहेर लेतिशा स्मोकीच्या गळ्यात हात टाकून बसली होती. हे तिला माझ्याच तोंडून कळायला हवं, आणि जीभ तर उचलत नाही... लाज वाटत होती, फार वाटत होती. पण लाजेखाली दुसरंच काही थरथरत होतं, त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. रोज रात्री मी तिला जिथे जिथे जवळ घेतलं, तिथे तिथे तो एवढासा जीव चालत गेला होता.