फुंकणी पुसायची नाही

उस्तादाला माणूस पारखायची एकच कसोटी ठाऊक होती: छातीत हवा किती. ज्याच्या छातीत हवा नाही तो त्याच्या लेखी माणूसच नव्हता, फार तर गिऱ्हाईक. चाळीस वर्षं तो काच फुंकत होता आणि चाळीस वर्षं त्याने डॉक्टर, कारकून, शेजारी, भाऊबंद अशा सगळ्यांना एकाच माळेचे मणी ठरवलं होतं. फुसके सगळे.

त्याचा कारखाना म्हणजे उंच छताची एक लांबट खोली. मधोमध भट्टी, भट्टीसमोर काचेचा गोळा घोळवायचा लोखंडी पाट, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या लोखंडी फुंकण्या, आणि कोपऱ्यात फुटक्या काचेचा ढीग. हा ढीग पुन्हा भट्टीतच जायचा. प्रयोगशाळांना लागणारे गोल फ्लास्क इथे बनत. लहान फ्लास्क एकटा माणूस फुंकतो, पण वीस लिटरचा म्हटला की ते एका छातीचं काम नाही. एकाने सुरुवात करायची, काच कलिंगडाएवढी फुगली की फुंकणी दुसऱ्याच्या तोंडात द्यायची. या देण्याघेण्यात फुंकणी फिरायची थांबता कामा नये. थांबली की मऊ काच एका अंगाला लोंबते आणि सकाळभराची मेहनत ढिगात जाते.

म्हणून तिथे नियम होता, की फुंकणी घेताना पुसायची नाही. खरं तर मनगटाने टोक पुसायला पापणी लवते तेवढाच वेळ लागतो. पण नियमाला मागाहून मानपान चिकटला होता. पुसली म्हणजे आधीच्या माणसाची किळस आली, असा त्याचा अर्थ लावत. पुसणाऱ्याच्या हातात उस्ताद दुसऱ्या दिवशी झाडू द्यायचा आणि बाकीचे दात काढायचे. अशा गोष्टींना तो शिस्त म्हणत असे.

त्या हिवाळ्यात शहरभर खोकला पसरला. नवा विषाणू आलाय, छातीत उतरतो, असं लोक सांगत होते. उस्तादाला हसू आवरेना. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला घाबरून तोंडाला फडकी बांधणाऱ्यांची त्याने यथेच्छ टिंगल केली. भट्टीकडे बोट दाखवून तो विचारायचा, चौदाशे अंशांत जंतूचा बाप तरी जगेल का? कामगार माना डोलवायचे. आता, चौदाशे अंश फुंकणीच्या एका टोकाला असतात. दुसरं टोक थंड असतं, असावंच लागतं, नाहीतर ओठ भाजून निघतील. आणि चाळीस वर्षं त्याच टोकाला ओठ लावणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण माणूस एकदा फुशारकीवर आला की डोकं गहाण टाकतो.

मग त्यालाच ताप आला. घसा खवखवायला लागला, खोकला सुरू झाला. घरी बसा, असं बायकोने दोनदा सांगितलं. त्याने ते उडवून लावलं, गरम पाणी प्यायला आणि सरळ कामाला गेला. घरी बसलो तर लोक म्हणतील उस्ताद संपला, ही त्याची खरी भीती होती. विषाणूला न भिणारा हा गडी चार कामगारांच्या कुजबुजीला मात्र चळाचळा कापत होता.

त्याची लेक तिथेच काम करायची. एकतीस वर्षांची, बापासारखीच रुंद छातीची. गेली दोन वर्षं प्रत्येक मोठा फ्लास्क तीच पुरा करत होती, कारण तिच्या फुंकरीने काच सगळीकडून सारखी पातळ व्हायची आणि बापाच्या फुंकरीने आता होत नव्हती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना मात्र तो सांगायचा, शिकतेय अजून.

तापाच्या दुसऱ्या दिवशी वीस लिटरचा फ्लास्क होता. उस्तादाने सुरुवात केली, मधेच तोंड वळवून खोकला, पुन्हा फुंकलं. काच कलिंगडाएवढी झाली तशी त्याने फुंकणी लेकीकडे दिली. तिने डाव्या हाताने ती फिरती ठेवली आणि उजवं मनगट टोकाकडे नेलं.

"बापाच्या तोंडाची किळस येते का गं?" उस्ताद म्हणाला.

सहा माणसं बघत होती. लेकीचे कान लाल झाले. तिने मनगट खाली घेतलं, टोक तसंच ओठांत धरलं आणि फुंकलं. फ्लास्क नितळ उतरला. उस्ताद खूश झाला.

आणखी दोन दिवसांत तो खडखडीत बरा झाला आणि मग तर त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हाच का तो तुमचा विषाणू, असं तो ज्याला त्याला विचारत सुटला. तोवर लेक अंथरुणाला लागली होती.

पहिले काही दिवस नुसता ताप आणि अंगदुखी. मग ताप उतरला, पण खोकला खाली खाली जायला लागला. आठव्या दिवशी न्हाणीघरातून खोलीपर्यंत येताना ती दोनदा भिंतीला धरून थांबली. बायको म्हणाली, दवाखान्यात नेऊ या. उस्ताद म्हणाला, वाफ द्या. माझी लेक आहे ती, तिच्या छातीला काय धाड भरलीय? त्याने दोन दिवस वाफ देववली. तिसऱ्या दिवशी तिचे ओठ निळसर दिसले, तेव्हा बायकोने त्याला विचारलंच नाही. शेजाऱ्याची गाडी बोलावली आणि लेकीला घेऊन निघाली. उस्ताद मागच्या सीटवर बसला, अंग चोरून.

छातीच्या डॉक्टर किडकिडीत, बुटक्या बाई होत्या. एवढीशी बाटलीसुद्धा फुंकता येणार नाही हिला, असं बघताक्षणी त्याच्या मनात आलंच. भल्याभल्यांचा माज उतरतो अशा वेळीही त्याचा उतरला नव्हता. लेकीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि तिला पालथं झोपवलं होतं. बोटाला लावलेल्या यंत्रावर चौऱ्याऐंशीचा आकडा होता. डॉक्टरांनी उस्तादाला भिंतीवरच्या दिव्यापाशी उभं केलं आणि एक्स-रे लावला.

"यात चांगलं कोणतं? काळं की पांढरं?" त्याने विचारलं.

"काळी ती हवा," डॉक्टर म्हणाल्या.

हवा फारशी नव्हती. दोन्ही बाजूंना खालपासून वरपर्यंत पांढुरकं साचलं होतं. काचेतला केसाएवढा दोष दहा पावलांवरून ओळखणाऱ्या माणसाला आणखी सांगावं लागलं नाही, पण डॉक्टरांनी सांगितलं. छाती म्हणजे काही भाता नाही, त्यात कोट्यवधी बारीक फुगे असतात, तुमच्या कुठल्याही काचेपेक्षा पातळ. त्या पातळ भिंतीतून हवेतला प्राणवायू रक्तात जातो. विषाणूला ना तोंड, ना पोट. तो नाकाघशाच्या पेशीत शिरतो आणि तिलाच आपल्या नकला काढायला लावतो. ती मरते, नकला शेजारणीत शिरतात. बऱ्याच जणांत हे घशातच आटोपतं. काही जणांत ते खाली फुग्यांपर्यंत पोचतं. मग शरीर त्याला मारायला धावतं आणि त्या धुमश्चक्रीत स्वतःचेच फुगे फोडतं. भिंती सुजतात, आत पाणी भरतं, हवा येते पण रक्ताला मिळत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

माझ्या तर घशातच थांबला, उस्ताद म्हणाला. हे त्याने असं म्हटलं, की जणू त्यात त्याचं काही कर्तृत्व होतं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. भिंतीवर पाल दिसली तर बघतात तसं. "तुमच्या घशात थांबला, हिच्या खाली उतरला. असं का, ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हिच्याकडे आला कुठून, ते तुम्हाला सांगता येईल."

त्याने विषय बदलला. उलट विचारलं, खराब झालेलं पुन्हा गाळता येतं का, म्हणजे आमच्याकडे फुटकी काच भट्टीत टाकली की नवी होते. नाही, डॉक्टर म्हणाल्या. जगली वाचली तर सूज उतरेल, पण जिथे व्रण पडेल तिथला फुगा परत फुगणार नाही. उस्ताद बाहेर बाकावर येऊन बसला. शेजारी बायको होती. ती उठली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

लेक सव्वीस दिवस तिथे होती. वाचली. घरी आल्यावर पहिला महिना तर जिना चढायची सोय नव्हती. सहाव्या महिन्यात तपासणीसाठी तिला एका नळीत जोरात फुंकायला सांगितलं. उस्ताद सोबत होता. तपासणीच्या बाईंनी नळीला कागदी टोक लावलं, लेकीने फुंकलं, बाईंनी ते टोक टोपलीत टाकून दुसरं लावलं. तिन्ही वेळा आकडा निम्म्याच्या खाली. त्या वयाची घरात बसून राहणारी बाईसुद्धा याच्या दुप्पट फुंकते, असं त्यांनी सहज सांगितलं. लेकीने तोंड पुसलं आणि ओढणी नीट केली.

परतताना रिक्षात उस्ताद पहिल्यांदाच काहीतरी बोलला. चुकलं माझं, असं. रस्त्यावर गोंगाट होता, ऐकू आलं नाही म्हणायला तिला जागा होती. तिने ती सवलत त्याला दिली नाही.

"तुम्हाला ताप होता हे मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. थांबली. श्वास घेतला. "तरी लावली तोंडाला. तुमची लाज राखली. एवढ्या फालतू गोष्टीसाठी."

ती पुन्हा कारखान्यात येऊ लागली, पण फुंकायला नाही. नजर तिची शाबूत होती. काच कुठे जाड राहिली, कुठे तापवायची, कधी थांबायचं, हे तिच्याएवढं कुणाला कळत नव्हतं, उस्तादाला तर नाहीच. तेव्हा ती भट्टीसमोर स्टुलावर बसते आणि उस्ताद फुंकतो. त्याची छाती ठणठणीत आहे. डॉक्टरांनीच तसं सांगितलं, त्याने विचारलेलं नसताना.

"फुंका," ती म्हणते. "बास." मग, "फिरवा." उतरलेला फ्लास्क ती उजेडात धरून बघते आणि बहुतेक वेळा म्हणते, "ढिगात टाका." उस्ताद टाकतो आणि पुन्हा सुरुवात करतो. कामगार आपसांत म्हणतात, पोरीची जीभ फार तिखट झाली, बापाशी धड दोन वाक्यंसुद्धा बोलत नाही. उस्ताद ते ऐकतो. तिला राग आहे म्हणून ती दोन शब्दांत आटपते, की तिसऱ्या शब्दाला दम पुरत नाही म्हणून, हे तिला विचारायची हिंमत त्याच्या त्या रुंद छातीत नाही.