डाव्या अंगावरचे वळ

सिस्टरांनी व्यायामासाठी म्हातारीचा डावा हात उचलला, बाही वर सारली आणि त्या तिथेच थांबल्या. कोपरापासून खांद्यापर्यंत काळेनिळे वळ उठले होते. काही ताजे, काही पिवळे पडू लागलेले.

"हे काय झालं, आजी?"

"मारते ती मला," म्हातारी म्हणाली. आत भांडी घासणाऱ्या लेकीला ऐकू जावं एवढा आवाज तिने चढवला होता. "लिहा तुमच्या कागदावर. बेबी मारते म्हणून लिहा."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

चौदा महिने सिस्टर दर मंगळवारी या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात येत होत्या. झटक्याने म्हातारीचं डावं अंग लुळं पडलं होतं. "अर्धी मेले, पण जिभेची बाजू नेमकी मागे राहिली," असं ती स्वतःच सांगायची. बेबी तिची एकुलती एक लेक. सेहेचाळीस वर्षांची, पण नाव पाळण्यातलंच चिकटलेलं. शाळेतली नोकरी सोडून ती आईचं सगळं अंथरुणातच करत होती. एवढ्या महिन्यांत म्हातारीच्या पाठीवर पडून राहिल्याने होणारी एकही जखम नव्हती. बावीस वर्षं घरोघर आजारी माणसं पाहिलेल्या सिस्टरांना त्याची किंमत ठाऊक होती. पोटची पोरंही सहसा इतकं करत नाहीत.

त्यांनी पांघरूण बाजूला केलं. डाव्या मांडीवरही तसेच वळ होते, गुडघ्याच्या वर. गुडघ्याखाली काही नाही. पाठ स्वच्छ, उजवी बाजू स्वच्छ. प्रत्येक वळाच्या कडेला नखाची बारीक कोर उमटलेली. सिस्टर म्हातारीचा उजवा हात हातात घ्यायला गेल्या तशी तिने मूठ आवळली.

"या बाजूला तुम्हाला दुखत नाही ना, आजी?"

"मेलेलं अंग ते. सुई टोचली तरी कळत नाही," म्हातारी बोलून गेली, आणि मग तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

सिस्टर स्टुलावर बसल्या. चूक कुणाची ते त्यांना आता कळत होतं. बेबीच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशनला दोनदा तारीख दिली आणि दोन्ही वेळा ती गेली नाही. आईला कुणाच्या गळ्यात घालणार? मागच्या मंगळवारी निघताना सिस्टरांनीच तिला दारात उभं राहून सांगितलं होतं. सरकारी शुश्रूषागृहात दोन वर्षांची यादी आहे. घरचं माणूसच हात उगारत असेल, तर मात्र त्याच दिवशी जागा मिळते. भिंतींना कान असतात म्हणतात. इथे तर चार हातांवर खाट होती आणि तिच्यावर चांगले शाबूत कान.

"मी हे लिहिलं तर काय होईल, माहीत आहे?" सिस्टरांनी आवाज खाली आणला. "तिच्यावर कायमचा ठपका बसेल. तुम्हाला भेटायलाही येऊ देणार नाहीत तिला."

म्हातारीने उजव्या हाताने चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती.

"येऊन काय करणार? दवाखान्यात जायचं सोडून माझ्या उशाशी बसून राहील." तिने मान वळवली. "तुम्हाला लेक आहे?"

"आहे."

"मग विचारता काय?"

बेबी पदराला हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा गेल्या महिन्याभरात ओढल्यासारखा झाला होता, आणि भिंतीला टेकल्याशिवाय ती उभी राहत नव्हती.

"ताई, नियमाप्रमाणे मला विचारावं लागतं," सिस्टर म्हणाल्या. "हे तुम्ही केलंत?"

बेबीने आईचा दंड पाहिला. मांडी पाहिली. एका वळावरून तिने बोट फिरवलं, अगदी हलकं, जणू आईला दुखेल. म्हातारीने तोंड भिंतीकडे केलं होतं. बेबी तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्या केसांची वेणी सकाळी तिनेच घातली होती.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"बघा," म्हातारी भिंतीला म्हणाली. "कबूल झाली." तिचा उजवा खांदा गदगदत होता.

सिस्टरांनी लिहिलं. 'कोणी केले' या रकान्यात 'मुलगी' असं लिहिताना अक्षर जराही हललं नाही, याचीच त्यांना लाज वाटली.

दुपारी शुश्रूषागृहाची गाडी आली. गाडीबरोबरच्या दोघांनी म्हातारीला स्ट्रेचरवर घेतलं. बेबी उशी द्यायला पुढे झाली तसा त्यातला एक मध्ये उभा राहिला.

"तुम्ही लांब राहा, बाई."

तिने उशी छातीशी धरली आणि ती मागे सरली. जिन्यात दारं किलकिली झाली होती. खालच्या मजल्यावरची शेजारीण मोठ्याने म्हणाली, "बाई बाई! जन्मदात्या आईवर हात? असल्या लेकीपेक्षा वांझ राहिलेलं बरं." बेबीने मान वर केली नाही. स्ट्रेचरवर म्हातारीने डोळे मिटून घेतले.

गाडीचं दार लागल्यावर बेबी रस्त्यावर आली. तिने सिस्टरांचा हात धरला.

"पाणी तिला चमच्यानेच द्यावं लागतं. एक घोट दिला की थांबायचं, घशाखाली उतरलेलं बघायचं, मग दुसरा. घाई केली की ठसका लागतो, जीव घाबरा होतो तिचा." ती अडखळली. "तिथे थांबतात ना?"

सिस्टरांनी ते शुश्रूषागृह आतून पाहिलं होतं. चाळीस खाटा आणि एक आया.

"थांबतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही उद्या सकाळीच दवाखान्यात जा."