जर्मन नदीकाठची गोजरा

"तुमी सांगसान का मी सांगू?" कारंजाच्या डाकबंगल्याच्या पायरीशी तुळसाबाईनं नवऱ्याला तिसऱ्यांदा विचारलं. गोधडीत गुंडाळलेली तसबीर तिच्या डोक्यावर होती आणि ती खाली ठेवायला ती तयार नव्हती.

"सांगतो ना मी. तू गप राय," जानराव म्हणाला. एरवी बाजारात वांगी विकताना त्याचा आवाज चौकापलीकडे जायचा. आज तो बायकोपुरताच निघाला.

जानराव माळी. गावाबाहेर दीड एकराचा बगीचा, विहिरीवर मोट, वांगी, मेथी आणि चार पेरूची झाडं. आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच घडलं होतं, की चौदा सालच्या लढाईआधी कापसाच्या प्रेसवरच्या वेबर नावाच्या जर्मन साहेबाला तो भाजी पुरवायचा, आणि तो साहेब फावल्या वेळात तेलरंगात चित्रं काढायचा.

त्याचं इथलं शेवटचं चित्र त्याच्या स्वतःच्या मुलखाचं होतं. काळीशार झाडं, नदी, मागं बर्फाचा डोंगर. तुळसाबाईला तो डोंगर प्रेसच्या आवारातल्या कापसाच्या ढिगासारखा वाटायचा. नदीकाठच्या वाटेवर साहेबानं एक पोरगी काढली होती. अंगठ्याच्या नखाएवढी, लाल परकर, डोक्यावर टोपली. ती यांची गोजरा. रोज सकाळी बंगल्यावर वांगी घेऊन जायची.

"मैं तो मेरे गाव जाता नहीं. यह जाएगी," साहेब हसून म्हणाला होता.

लढाई लागली आणि साहेबाला धरून नगरच्या छावणीत नेलं. जाताना त्यानं तसबीर जानरावाच्या हाती दिली. गावाला तेवढंच पुरलं. लेक जर्मनीत नांदते म्हणून लोकांनी जानरावाला कैसर बादशहाचा व्याही करून टाकलं. तोही हसायचा.

अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत गोजरा तीन दिवसांच्या तापात गेली. अकरा वर्षांची होती. तिचा फोटो काढून ठेवावा, हे कधी कुणाला सुचलंच नव्हतं. राहिली ती फक्त त्या नदीकाठी.

मग दर अक्षय्यतृतीयेला, घरातल्या गेलेल्यांना पाणी द्यायच्या दिवशी, तुळसाबाई ओल्या फडक्यानं लेकीला पुसायची आणि कुंकू लावायची. पुढच्या वर्षी जुनं कुंकू घासून काढायचं, नवं लावायचं. जुनं निघालं नाही तर रिठ्याचं पाणी होतंच. आईची माया ती, हात आखडता कसा घेणार? नवव्या वर्षी फडकं फिरवलं, तर कुंकवाखाली पोरगीच नव्हती. नुसतं उघडं कापड होतं. तुळसाबाई दोन दिवस जेवली नाही.

त्याच वर्षी, कापसाच्या हंगामात, वेबरसाहेब कामानिमित्त कारंजात आल्याची बातमी बगीच्यात पोचली.

साहेब डाकबंगल्याबाहेर आला. केस पार पांढरे झाले होते. "जानराव! बैंगनवाला!" म्हणून त्यानं खांदे धरले. गोधडी सुटली तसा तो जमिनीवर बसला आणि आपल्या नदीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं उघड्या कापडावर बोट ठेवलं.

"यह क्या हुआ?"

जानरावानं मान खाली घालून सगळं सांगितलं. तुळसाबाईनं हात जोडले.

"साहेब, तसबीर तुमचीच हाय. नेसान तर न्या. पन एक डाव माही लेक काढून द्या. पाहू द्या मले तिले."

साहेबानं रंगांची पेटी आणली. कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांतच लाल परकर उमटला, वर टोपली आली. तो कुंचला पुसायला लागला.

"अन् तोंड?" तुळसाबाईनं विचारलं.

"मुँह नहीं था, बाई. इतनी छोटी लड़की का मुँह नहीं बनता. रंग का एक ठिपका, बस."

"व्हतं! नऊ वर्सं पाहून राह्यली मी. माह्याकडं पाहून हासे ते."

साहेबानं वाद घातला नाही. सगळ्यांत बारीक कुंचला उचलला. "बोलो. कैसा था?"

"सावळी व्हती. डाव्या गालावर तीळ व्हता."

"उजव्या," जानराव बोलून गेला.

"डाव्या. न्हाऊ-माखू म्या घातलं तिले."

"अवं, खांद्यावर घेऊन फिरलो मी. उजव्याच."

तुळसाबाईनं आपल्याच डाव्या गालावर बोट ठेवलं, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. चित्रातल्या ठिपक्याकडे नऊ वर्षं बघता बघता खरं तोंड कधी पुसलं गेलं, तिला कळलंच नव्हतं. जानरावालाही आता उजव्याची खात्री राहिली नव्हती.

"राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "पुसून टाका ते. ते माही पोरगी नोहे."

साहेबानं परकर-टोपलीचा सगळा ओला रंग पुसला. तसबीर त्यानं घेतली नाही. पुन्हा गोधडीत बांधून तिच्या डोक्यावर दिली.

पुढच्या अक्षय्यतृतीयेला तुळसाबाईनं सगळ्यांना पाणी दिलं आणि कुंकवाची वाटी घेऊन तसबिरीपुढे उभी राहिली. बोट कुंकवात बुडवलं, उघड्या कापडापर्यंत नेलं आणि न टेकवता मागं घेतलं.

"रंग जाईन तिचा," ती म्हणाली.

दारात उभ्या जानरावानं ते ऐकलं. त्या कोऱ्या कापडाकडे एकदा पाहून तो मोटेचे बैल सोडायला गेला.