दुसरी सुई

मीनाने टाच पत्र्याच्या कडेवर ठेवली, गोठ्याची मेढ धरली आणि अंगाचा भार सोडला. पत्रा गंजून लाल झालेला होता. ओरडायचं असं तिने आधीच ठरवलं होतं, पण ओरडणं आपसूक आलं.

सासरा पुंजाराम गुलाबाच्या वाफ्यातून धावत आला. सुनेची टाच आणि तो पत्रा पाहून तो तिथूनच लेकाला हाका मारू लागला.

"दत्तू, टेम्पो काढ! गंजकं लोखंड हाय, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावंच लागंल."

एवढंच ऐकण्यासाठी तिने टाच कापून घेतली होती.

पुन्हा दिवस राहिल्यापासून ती मळ्याबाहेर पडली नव्हती. मखमलाबादच्या पुढची वस्ती. दोन घरं, बाकी सगळी फुलं. नर्सबाई दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा पुंजारामने मीनाला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि सून माहेरी गेल्याचं सांगितलं. वीस वर्षांपूर्वी, आणीबाणीत, त्याच्या धाकट्या भावाला 'नुसतं तपासायचंय' म्हणून गाडीत घालून नेलं आणि सुई टोचून नसबंदी केली होती. त्या घरात पुढे पाळणा हलला नाही. गंज लागला तर सुई तो स्वतःही घेई, पण गरोदरपणाची म्हणून सरकारी सुई आपल्या सुनेला लागणार नाही, हा त्याचा शब्द होता. दत्तू बापापुढे मान वर करत नसे.

मीनाचं पहिलं मूल सातव्या दिवशी दूध ओढेनासं झालं. जबडा मिटला, अंग कमानीसारखं ताठलं. नवव्या दिवशी ते गेलं. सटवाईने नेलं, असं घरचे म्हणाले. माहेरच्या नर्सने मात्र वेगळंच सांगितलं होतं: "नाळेच्या जखमेतून धनुर्वात शिरतो. गरोदरपणी आईला महिन्याच्या अंतराने दोन सुया दिल्या, की बाळ पोटातूनच राखण घेऊन येतं."

दवाखान्यात सुई मिळाली. टाच बांधताना नर्सबाई म्हणाल्या, "महिन्याने दुसरी. चुकवू नका."

महिना भरत आला. टाच भरून आली; आता जखमेशिवाय सासरा सुईला धाडणार नव्हता. मीनाची नजर विळ्याकडे, कुंपणाच्या तारेकडे जाऊ लागली. पण विळा जागेवर दिसेना आणि गोठ्यामागचा पत्राही कुणी तरी उचलून नेला होता. सासू ठमाबाई सारखी तिच्या मागे असे. पाणी भरायला, फुलं खुडायला, परसाकडेला सुद्धा.

एका सकाळी ठमाबाई जुन्या लुगड्याची पट्टी आणि वाटीत कालवलेलं हळदकुंकू घेऊन तिच्यासमोर बसली.

"पाय पुढं कर."

"आत्याबाई?"

"त्या दिवशी मी गोठ्यातच व्हते. पोटुशी बाई असं करती व्हय?"

तिने धडधाकट डाव्या पायाला लाल लेप लावला, पट्टी घट्ट आवळली आणि दारात जाऊन मोठ्याने म्हणाली, "अहो, हिच्या पायात तार घुसली! डोळं हायेत का कवड्या, देव जाणं!"

दत्तूने टेम्पो दवाखान्याच्या फाटकाशी उभा केला. आत नर्सबाईंनी पट्टी सोडली, ओल्या कापसाने लेप पुसला आणि वर पाहिलं.

"जखम नाय," ठमाबाई म्हणाली. "सुई द्या."

नर्सबाईंनी काही न विचारता सुई दिली. मीना दंड चोळत बसली होती. ठमाबाई उठेना.

"बाई, पोराला आठवड्याच्या आत आकडी येती, त्वांड मिटतं, ते हेच का?"

"हो मावशी. हेच."

"माझी तीन गेली. दत्तूच्या आधी."

मीना तिच्याकडे वळली. ही गोष्ट त्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"तवा व्हती का ही सुई?"

नर्सबाईंनी कापूस डब्यात टाकला. डब्याचं झाकण दोनदा दाबून बसवलं.

"तेव्हा तुमच्याकडे आली नव्हती, मावशी."

ठमाबाईने मान हलवली. मग डोळ्यांना पदर लावला, पट्टी पुन्हा जशीच्या तशी बांधली आणि सुनेला धरून उठवलं. फाटकाशी दत्तू वाट बघत होता.

"लंगडत चाल," ती हळूच म्हणाली. "डाव्या पायानं."