अनसाबाईचा अनवाणी नवस

श्रीशैल बीदरकडच्या मुडबीहून गोव्याला गेला तो बांधकामावर विटा उचलायला. काम सुटलं की किनाऱ्यावर पोरं अनवाणी फुटबॉल खेळायची, त्यात हा गोल अडवायला उभा राहायचा. कुणाच्या तरी नजरेत भरला आणि परदेशी स्पर्धेला निघालेल्या देशाच्या बीच फुटबॉल संघात त्याचा नंबर लागला. वाळूवरच्या ह्या खेळात बूट नसतात, एवढंच त्याच्या मायला, अनसाबाईला, कळलं. तिनं मैलारच्या मल्लण्णाला, म्हणजे तिकडच्या खंडोबाला, नवस बोलून टाकला: लेक अनवाणी खेळतोय, तो जिंकेपर्यंत मीही पायात वहाण घालणार नाही.

देवाशी बोलताना माणसानं जरा आवरतं घ्यावं. पहिल्याच सामन्यात संघानं आठ गोल खाल्ले. मग दरवर्षी तेच. संघ जमायचा विमानात बसायच्या आदल्या आठवड्यात, आणि समोरच्यांचं घरच समुद्रावर! गोल खायचा श्रीशैल, बोचायचं मायला. तुरीच्या धसकटांतून, तापल्या मातीतून अनसाबाई तशीच कामाला जायची.

चौथ्या वर्षी हरलेल्या सामन्यानंतर बहिणीचा, रूपाचा, फोन आला. "अण्णा, मायची टाच चिघळलीय. तिला साखर हाय. डाक्टर चप्पल घाल म्हणायलेत, ती ऐकनाच."

"तिला दे फोन."

"जिंकलास का रं?" मायनं पहिलं तेच विचारलं.

श्रीशैलच्या मागं सगळा संघ माना खाली घालून बसला होता.

"व्हय माय, जिंकलो. आता चप्पल घाल."

माय फोनवरच रडली. एका खोट्यानं पाय वाचला, असं वाटून श्रीशैलला कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

पण नवस तेवढाच नव्हता, आणि उरलेला त्याला कुणी सांगितला नव्हता. जिंकला की मैलारपर्यंत अनवाणी चालत येईन, भंडारा उधळीन, मगच वहाण घालीन. "देवाचं ठिवून घेऊ न्हाई," म्हणत, रूपा आडवी आली तरी, माय दुसऱ्याच दिवशी निघाली. चिघळलेल्या टाचेनं ती वाटेत मुक्काम करत पोचली. देव भावाचा भुकेला म्हणतात. हा हिशेबाचा पक्का निघाला.

श्रीशैल थेट बीदरच्या दवाखान्यात आला. मायचा पाय गुडघ्याखाली कापला होता, तरी विष रक्तात गेलंच होतं. पिशवीतली नवी चपलांची जोडी त्यानं पलंगाखाली सरकवली. खरं सांगून टाकायचं, असं वाटभर ठरवून आला होता.

"माय, मी..."

तिनं पदराची गाठ सोडली आणि बोटानं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. "शेवटचा गोल कसा आडवलास, सांग की."

त्याला स्वतःची शिसारी आली. मग तो बोलू लागला. "उजवीकडून आला व्हता बॉल, माय. म्या झेप घेतली..." माय डोळे मिटून ऐकत होती. तिला बरं वाटतंय असं पाहून त्यानं आणखी एक गोल अडवला, आणखी एक सामना जिंकला.

"अण्णा, बास कर," रूपा त्याचा खांदा धरून म्हणाली. "माय गेली."