प्रणालीचा भाव

महिलांची क्रिकेट लीग सुरू होण्याआधीच्या रविवारी आम्ही शेखरच्या गोदामात जमतो. सगळी वरूडच्या संत्र्याच्या धंद्यातली माणसे. खेळ शेखरने काढलेला. प्रत्येकाने मोबाइलवर आपला अकरा जणींचा संघ बांधायचा. प्रत्येक खेळाडूला भाव असतो आणि सगळ्यांचा मिळून भाव शंभराच्या वर जाऊ द्यायचा नाही. पुढे मैदानावर त्या जे करतील त्याचे गुण आपल्याला. पैशाचे काही नाही. शेवटी जो तळाला राहील त्याने बाकीच्यांना रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घालायची.

जुन्या खेळाडूंचा भाव शेखर मागच्या आकड्यांवरून लावतो. नवीन मुलीच्या मागे आकडेच नसतात. तिचा भाव मी सांगायचा असे ठरून गेले आहे, कारण माझे आयुष्य बगीचे पाहण्यात गेले. फळ झाडावर हिरवे असतानाच सौदा व्हायचा. व्यापारी आणि मालक मला मधे घेऊन फिरायचे, आणि मी म्हणेन तो अंदाज दोघेही मानायचे. शेखरच्या खेळात सगळ्यात मोठा भाव वीस.

यंदा नव्या मुलींत माझी नात प्रणाली होती.

ती वेगवान गोलंदाज आहे. अकोल्याच्या संघाने तिला घेतले तेव्हा नितेशने, माझ्या मुलाने, गल्लीभर पेढे वाटले आणि संध्याकाळी तिला सांगितले, "हे एक वर्ष तुह्यं. नाई जमलं त बी.एड.चा फॉर्म भरायचा." नितेश बोलला की बोलला. त्याला मीच वाढवले आहे.

त्याला न सांगता आम्ही दोघे मागच्या आठवड्यात अकोल्याला जाऊन आलो होतो. घरी सांगितले, कृषी विद्यापीठात रोपे पाहायला चाललो. डॉक्टरांनी तिच्या उजव्या कोपराला आतून अंगठा लावला तशी तिने ओढणी दातात धरली. ते म्हणाले, आतला सांधा धरणारा पट्टा अर्धा फाटलाय. चार महिने चेंडू हातात घ्यायचा नाही. असेच जोरात टाकत राहिली तर पूर्ण तुटेल, आणि मग ऑपरेशन करूनही पहिल्यासारखा हात येईल याची खात्री नाही.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "आबाजी, घरी सांगसान त माह्यं खेळनं संपलं समजा."

"अन् नाई सांगतलं त हात जाईन न बाई."

"चार महिने बसली त लीग गेली. लीग गेली का बाबा फॉर्म घिऊन येतीन. मंग कुठून निगू मी? तुमीच सांगा."

बस बडनेऱ्याला थांबली. मग म्हणालो, नाही सांगत.

तर त्या रविवारी गोदामात मृग बहाराचा माल निवडून झाला होता. नितेश पालथ्या क्रेटवर बसला होता. शेजारी खुशालराव. हा व्यापारी, माझ्याच वयाचा. अर्धे आयुष्य माझ्यासोबत बगीच्यांतून फिरलेला. प्रणाली सगळ्यांना चहा देत होती. किटली डाव्या हातात.

"काका, प्रणालीचा आकडा बोला," शेखर म्हणाला.

"आधी बाकीच्या पोरी घे."

"त्या झाल्या न काका! तुमीच सांगतले आत्ता. हेच राह्यली."

खुशालराव हसला. "म्हाताऱ्याले लाज येऊन राह्यली. सोताचा माल हाय न."

"माल नोको म्हनू तिले."

"बरं, बगीचा म्हनतो!"

सगळे हसले. प्रणालीही हसली.

"बाबा, घरची हाय म्हनून कमी करू नोका," नितेश म्हणाला. "कोच म्हनते, चारही ओव्हर तिलेच देतो. एका बॉलरले चारच्या वर देताच येत नाई, नाईतर पाच देल्या असत्या."

मी चहाचा कप फिरवत बसलो. मोठा आकडा सांगावा तर नितेशची छाती अजून फुगणार आणि ती अजून अडकणार. कमी सांगावा तर तो विचारणार, काहून? मधला सांगावा तर तोही खोटाच. आकडा सांगणे म्हणजेच झाड निरोगी आहे असे सांगणे. आजवर मी तसेच केले होते. झाडांच्या बुडाशी डिंक्या रोग लागलेला दिसला की मी टोपी सारखी करून बगीच्याबाहेर यायचो. आकडाच सांगायचो नाही.

"यंदा मी नाई सांगत. शेखर, तूच लाव," मी म्हणालो आणि उठलो.

वाटले, सुटलो. पण खुशालरावचे हसू थांबले होते.

"देवराव, आकडा न सांगता तू काहून उठतं हे मले मालूम हाय."

"घरचं मानूस हाय म्हनून."

"घरचं? सख्ख्या भावाच्या बगीच्याचा आकडा त्याच्या तोंडावर सांगतला होता तू. तवा नाई उठला."

नितेशने कप खाली ठेवला. "म्हंजे काय? बाबा? काय झालं प्रणालीले?"

प्रणालीने माझ्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. मग तिने किटली ठेवली आणि ढिगातले एक टणक संत्रे उचलले.

"आबाजी लाजतेत," ती म्हणाली. "मीच दाखवतो भाव."

ती अंगणाच्या टोकापर्यंत चालत गेली. मी "नोको" म्हणालो, पण ते मलाच ऐकू आले. ती धावत आली, उडाली, हात पूर्ण फिरला. संत्रे गोदामाच्या टिनावर फुटले. केवढा आवाज! आढ्यावरची कबुतरे उडाली आणि सगळे ओरडायला लागले.

"अगा बापा!" शेखर म्हणाला. "वीस! काका, वीस न?"

सगळे माझ्याकडे वळले. ती दारात उभी होती. उजवा हात ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलेला, जणू रस पुसतेय.

"बोला न आबाजी."

"वीस," मी म्हणालो.

"मंग माह्या संघात लिव," खुशालराव शेखरला म्हणाला. "अन् कप्तान बी तेच. देवराव बोलला म्हंजे झालं."

नितेश हसत हसत बाहेर गेला आणि त्याने कोचला फोन लावला. मी परत खाली टेकलो, तशी प्रणाली माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या ओठावर घाम होता. तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली आणि हळूच म्हणाली, "झाकन उघडून द्या."

मी उघडून दिले. "पुऱ्या जोरानं टाकलं?"

"अर्ध्या जोरानं टाकलं असतं त खुशालआबांनी वळखलं असतं."

अंगणात नितेश मोठ्याने सांगत होता, "सर, आमच्या बाबांनी वीस लावला! चार ओव्हर पक्क्या न?" मग फोन कानाला धरूनच तो आमच्याकडे वळला आणि त्याने चार बोटे वर केली.